रिठ्याची बी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एसटीत शेजारचा डुलक्या घ्यायला लागला तरी माझा हात खिशावर जातो, आणि दुकानदार जरा जास्त गोड बोलला की मी माल दोनदा बघून घेतो. वडील असेच होते, म्हणजे खोड घरातूनच आलेली. पण सोलापुरात मित्राच्या लग्नाला गेलो त्या दिवशी माझ्या खिशात जे होतं ते बघता, देवमाणूससुद्धा संशयी झाला असता.

खिशात चांदीची एक डबी होती. लिंबाएवढी, गोल, जुनी. झाकणावर दोन बारीक खड्डे होते, दात येताना पोरानं चावल्याचे. डबी माझी नव्हती. ज्याचं लग्न होतं त्याची होती. अकरा वाजता पूजा होती आणि त्याच्या आत, कुणाच्याही नजरेला न पडता, ती त्याच्या गळ्यात जायला हवी होती.

ती माझ्या खिशात कशी आली ते सांगतो. आम्ही कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो. मी माळशिरस तालुक्यातला, मराठ्याचा, वसतिगृहात राहणारा. तो सोलापुरातलाच, लिंगायत, घरी अर्धं कन्नड अर्धं मराठी, वडलांचं आणि चुलत्याचं मिळून भुसार मालाचं दुकान. रविवारी तो मला घरी जेवायला न्यायचा. त्याच्या आईला तो अव्वा म्हणायचा, मग मीही म्हणायला लागलो. अव्वा पोटभर वाढायची, त्यात खोट काढता येणार नाही. पण चहा आला की घरच्यांना स्टीलचे पेले आणि मला काचेचा कप. तो कप धुऊन वेगळ्या फळीवर पालथा पडायचा. आमच्यात मटण चालतं हे तिला ठाऊक होतं. ती बोलली नाही कधी, मीही बोललो नाही, पण कप मी लक्षात ठेवला.

त्यांच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, काळं, गोल, चांदीच्या डबीत ठेवलेलं. तान्ह्या पोराच्या गळ्यात स्वामी येऊन बांधतात, ते जन्मभर अंगावर राहतं आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जातं. अंघोळीलासुद्धा काढत नाहीत. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. त्याच्या घरी हे फार कडक होतं. त्याच्या आजोबांच्या तरुणपणी एकाचं लिंग गेलं, तर त्यानं सापडेपर्यंत अन्न सोडलं होतं म्हणे. हे तो मला हसत हसत सांगायचा, पण सांगताना त्याचा हात सदऱ्यावरून त्या डबीवर जायचा.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तो आमच्या गावी आला. आमचं शिवार कॅनॉलच्या वरच्या अंगाला, त्यामुळं सगळी भिस्त विहिरीवर. दोन परस, म्हणजे दोन माणसं उभी बुडतील एवढं पाणी होतं. मी काठावरून उडी मारली आणि त्याला हिणवलं, सोलापूरकरांना नळाखालीच पोहता येतं काय म्हणून. तो इरेला पडला आणि धाडकन वरून उडी टाकली. वर आला तेव्हा छातीवर हात चाचपत होता. दोरा तुटला होता, डबी तळाला गेली होती.

आम्ही दिवेलागणीपर्यंत बुड्या मारल्या. माझे कान दुखायला लागले, त्याचे ओठ निळे पडले. तळाला गुडघाभर गाळ. काही हाताला लागलं नाही. तो पायरीवर बसून रडला. म्हणाला, "घरी सांगितलं तर आजोबा अन्न सोडतील. तू शपथ घे, कुणाला बोलायचं न्हाय." मी आईची शपथ घेतली.

परतताना सोलापुरात सराफाकडून त्यानं तसलीच नवी डबी घेतली. पण आत काय ठेवायचं? लिंग काही दुकानात मिळत नाही, ते स्वामींच्या हातूनच यावं लागतं, आणि स्वामींना सांगणं म्हणजे घरी सांगणं. शेवटी अक्कल मी लढवली. आई केस धुवायला रिठे देत असे, त्यातली एक बी माझ्या साबणाच्या डबीत पडली होती. काळी, गोल, तकतकीत. कापसात बसवून ती चांदीच्या डबीत ठेवली आणि झाकण लावलं. हलवलं तर वाजतसुद्धा नव्हतं. घरी त्यानं सांगितलं, जुन्या डबीचं झाकण सैल झालं होतं म्हणून मोडीत दिली आणि नवी घेतली.

पुढं तो रोज घरात सगळ्यांच्या आधी उठून, देवघरात सगळ्यांकडं पाठ करून रिठ्याच्या बीची पूजा करू लागला. कॉलेजात जाऊन पोरगा एवढा भाविक झाला म्हणून घरी कौतुक. त्याला मात्र जेवण जाईना. चार महिन्यांत त्याचं तोंड सुकून गेलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या विहिरीनं तळ दाखवला तेव्हा गाळ काढायला आम्ही घरचेच उतरलो, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पाटीत ती डबी आली. काळी पडलेली, पण झाकण घट्ट. बाजूला जाऊन मी एकदाच उघडून बघितली. आत लिंग होतं तसं होतं. मी त्याला बोट लावलं नाही. चिंचेनं डबी घासली, धुतलेल्या फडक्यात बांधली आणि ट्रंकेत ठेवली. घरात मटण शिजायचं त्या दिवशी ट्रंक उचलून माळ्यावर ठेवायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ठेवायचो.

त्याला कार्ड टाकलं: तुझी पोहताना हरवलेली वस्तू मिळाली. उत्तर नाही. दुसरं टाकलं, तेही गेलं तसंच. मला वाटलं, त्या घरात कार्डं आधी अव्वा वाचत असणार. मग एके दिवशी लग्नाची पत्रिका आली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, "पूजेच्या आधी पोच. वस्तू घेऊन ये. सगळ्यांसमोर ती हातावर घ्यावी लागते." एवढंच. 

पहिल्या गाडीनं निघालो तरी मांडवात पोचायला नऊ वाजले. त्यांच्यात लग्न मुलाच्या दारात. आमच्यात लग्न मुलीच्या दारी, त्यामुळं मला पहिला संशय इथंच आला, की मुलीकडच्यांना काही अडचण आहे काय. मुलीकडची माणसं अक्कलकोटच्या पलीकडची, सगळी कन्नड बोलणारी. मी मांडवात शिरलो तशी एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "यार इंव?" कोण हा, एवढं मला कळत होतं. पुढचं कळलं नाही, पण दोघी माझ्या उघड्या कपाळाकडं बघत होत्या. मांडवात मी सोडून प्रत्येकाच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते.

मी कोपरा धरून बसलो, एक हात खिशात. आता विचार करतो तर कळतं, लग्नघरात अनोळखी माणूस सारखा खिशात हात घालून बसला तर कुणीही टपून बसेल. नवऱ्या मुलाचा चुलता टपलाच. जाडजूड माणूस, खांद्यावर उपरणं, दुकानात तराजूकडं बघायचा त्याच नजरेनं माझ्याकडं बघायचा.

"कवा आलासा?" त्यानं विचारलं.

"आत्ताच, काका. नवरदेवाला भेटायचं होतं."

"त्यो आता कुनाला भेटतोय? अंघोळ चाललीया त्याची. बसा की हितंच."

मी बसलो. अंघोळ अंगणात, भोवती आठ-दहा बाया. नंतर त्याला आतल्या खोलीत नेलं. मी दारापर्यंत गेलो, तर दारात हाच चुलता. पाणी प्यायचं निमित्त करून दुसऱ्या दारानं गेलो, तर तिथं अव्वा. तिनं मला काचेच्या कपात चहा दिला आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभी राहिली. मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे. मग वाटलं, हिला वाटतंय मी तिच्या पोराला काही खाऊ घालायला आलोय. मग त्या मांडवात कुणी खोकलं तरी मला तो इशारा वाटायला लागला.

साडेदहाला स्वामी आले. सगळे पाया पडायला पुढं धावले आणि नवरदेव मागच्या परसात जाताना मला दिसला. मी उठून मागं गेलो. गोठ्याच्या आडोशाला तो उभा होता, मुंडावळ्या बांधलेला, घामानं डबडबलेला.

"आणलीस?"

"कार्डाला उत्तर का दिलं न्हाईस?"

"आरं, नंतर बोल की. आधी काढ."

त्यानं मान वाकवली. मी डबी काढली आणि त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याची गाठ सोडायला हात घातला. गाठ घट्ट होती. नखानं सोडवत होतो तोच माझं मनगट कुणीतरी धरलं. अव्वा होती. तिच्या मागं चुलता.

तिनं माझी मूठ उघडली. डबी बघितली, अंगठा झाकणावरून फिरवला, त्या दोन खड्ड्यांवर थांबवला. मग लेकाकडं बघितलं. "ही तर मोडीत दिली म्हणालास की रं तू."

  मला खात्री होती की आता तो सांगेल. दीड वर्ष पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर येईल आणि सुटेल. माझी शपथ होती, त्याची नव्हती. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"मी ह्याच्याकडं दिली होती," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता. "सराफाला दे म्हणून. ह्यानं दिलीच न्हाय वाटतं. ठेवून घेतली. आता लाज वाटली म्हणून आणली आसंल."

खोटं एवढं चपखल बसत होतं की ऐन वेळी सुचलेलं असणं शक्य नाही, असं मला आजही वाटतं. पत्रिकेच्या मागं पेन्सिल धरली तेव्हाच त्यानं हेही जुळवून ठेवलं होतं काय, देव जाणे.

"मी म्हनलं न्हवतं?" चुलता म्हणाला. "सकाळधरनं ह्याचा हात खिशात हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच वाक्य पुरे होतं: गळ्यातली डबी उघडून बघा. पलीकडं मांडवात स्वामी बसले होते, मुलीचा बाप बसला होता. दीड वर्ष लिंगाशिवाय जेवलेला, रिठ्याची पूजा करून घरच्यांना फसवलेला जावई कुणी पत्करला असता? वऱ्हाड आल्या पावली परत गेलं असतं आणि ते वाक्य माझ्या तोंडातून गेलेलं असतं.

"माझ्याकडंच राहिली," मी म्हणालो. "चुकलं."

मराठ्याच्या पोरानं चांदी चोरली, एवढं त्या घरात कायमचं ठरलं. अव्वा डबी पदराआड घेऊन आत गेली. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या लेखी ती रिकामी जुनी डबी होती. खरं लिंग त्या डबीत होतं आणि अव्वा ती कुठल्या तरी फडताळात टाकायला चालली होती. मित्राच्याही ते ध्यानात आलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चुलता त्याला दंडाला धरून मांडवात घेऊन गेला.

मी मागोमाग गेलो. चोर ठरलेल्या माणसानं निघून जावं, पण मी गेलो असतो तर चोरीवर शिक्काच बसला असता. चौरंग मांडला होता, पाच कळस ठेवले होते, माणसं दाटीनं बसली होती. चुलता ज्याच्या त्याच्या कानाला लागत होता आणि ती ती मान माझ्याकडं वळत होती.

तेवढ्यात अव्वा आतून म्हणाली, "दोरा जुनाच ऱ्हायलाय त्याचा. आत पाठवा, नवा घालते." नवरदेव आत गेला. देवघराचं दार लोटलं गेलं. स्वामींनी दोनदा घसा खाकरला. दार उघडलं तेव्हा तो पुढं आणि अव्वा त्याच्या मागं. दोघांचेही डोळे खाली.

तो चौरंगासमोर बसला. स्वामींनी सांगितल्याबरोबर गळ्यातली डबी उघडली. नवीच डबी होती, चकचकीत.  त्यानं डावा तळहात पुढं केला आणि त्यावर लिंग ठेवलं. खरं लिंग. मी विहिरीतून काढलेलं, ट्रंकेत जपलेलं, मटणाच्या दिवशी माळ्यावर ठेवलेलं. लांबूनही मी ते ओळखलं. त्याच्या हाताला कंपसुद्धा नव्हता. स्वामींनी भस्म लावलं, बेल वाहिला. मुलीचा बाप हात जोडून समाधानानं बघत होता.

म्हणजे अव्वानं डबी उघडली होती. पण काय बघितलं, काय समजली, कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, हिनं ओळखलंय आणि आता ही सगळ्यांसमोर सांगेल की ह्या पाहुण्यानं काही चोरलं नाही. अक्षता पडेपर्यंत मी वाट बघितली. नवरानवरी पाया पडून उठेपर्यंत बघितली. पंगतीत बसलो तर माझ्या दोन्ही बाजूचे पाट रिकामे राहिले. अव्वा हुग्गी वाढायला आली, ती त्यांची गव्हाची खीर. माझ्या पानात दोन डाव घातले, वर तूप सोडलं आणि पुढं गेली. चोराला तूप वाढतात काय, हा विचार करत मी जेवलो. चव लागली नाही.

मित्र एकदा जवळून गेला. नव्या बायकोच्या पदराशी त्याच्या उपरण्याची गाठ होती. मी मुद्दाम उठून उभा राहिलो. त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं आणि पलीकडच्या कुणाला तरी हसून हात जोडले.

निघालो तर मांडवाच्या दारात चुलता आडवा आला. "पाव्हणं, राग मानू नका. लग्नघर हाय. पिशवी जरा बघतो."

मी पिशवी पुढं केली. त्यानं ती सगळ्यांदेखत बाजेवर उलटी केली. टॉवेल, साबणाची डबी, कंगवा, काखेत फाटलेला गंजीफ्रॉक. फाटका गंजीफ्रॉक त्यानं झटकून बघितला तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. समोर ओट्यावर अव्वा उभी होती, खांबाला धरून. मी तिच्याकडं बघितलं, अगदी भीक मागितल्यासारखं बघितलं. ती बघत राहिली. शब्द बोलली नाही.

मी सामान गोळा केलं. तेव्हा ती खाली उतरली आणि फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या पिशवीत ठेवलं. "लांब जायचंय," एवढंच म्हणाली. मला ते तिथंच तिच्या पायावर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, कारण मग त्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगायला झाली असती.

स्टँडवर अकलूजच्या गाडीला दीड तास होता. भूक नव्हती, पण संशय आला म्हणून गाठोडं सोडलं. म्हटलं, वरून काही चांदीचं घालून पुढं पोलीस तर नाही ना पाठवायची ही बाई. आत कडक भाकरी होत्या, शेंगाचटणी होती, केळीच्या पानात गुंडाळलेली हुग्गी होती. फडक्याच्या एका टोकाला घट्ट गाठ होती. दातानं सोडली. आतून रिठ्याची बी माझ्या तळहातावर पडली.

तिला कळलं होतं, देवघराचं दार लोटलं तेव्हाच. लेकानं सांगितलं असेल किंवा बी बघूनच ती समजली असेल. पंगतीत तूप वाढताना तिला ठाऊक होतं. माझा फाटका गंजीफ्रॉक त्या चुलत्याच्या हातात होता आणि ती खांब धरून उभी होती, तेव्हाही ठाऊक होतं.

मी स्टँडच्या बाकावर बसून मोठ्यानं तिला शिव्या दिल्या. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. मग शिव्या संपल्या आणि भाकरी खाल्ली, कारण काही झालं तरी भाकरी चांगली होती. खाताना एक गोष्ट मनात आली ती आजतागायत गेलेली नाही. परसात मी जे केलं तेच ती मांडवात करत होती. दोघंही त्याच्यासाठी गप्प बसलो. ती त्याची आई होती, तिला बसावंच लागलं असतं. आणि आपण त्याचे कोण, हे मी गाडी येईपर्यंत आठवत बसलो.